रिकाम्या पाइपाची भीती

मार्च महिन्यात परळमध्ये बसून मी बर्फाशी झुंजत असते, हे वाक्य मी आजवर दोन स्थळांसमोर उच्चारले आहे. दोन्ही वेळा समोरच्या मंडळींनी चहाचा कप खाली ठेवला आणि अतिशय सौजन्याने विचारले, ‘‘म्हणजे नक्की काय करता?’’ उत्तर अवघड नव्हते, पण त्याची सुरुवात एका झाडापासून करावी लागे, आणि त्या झाडापासून माझ्या पगारापर्यंत पोहोचेतो मुलाच्या आईचे लक्ष पोह्यांतल्या शेंगदाण्यांकडे गेलेले असे.

इथे पोहे नाहीत, म्हणून सविस्तर सांगते. उत्तर अमेरिकेच्या थंड भागात मेपल नावाचे झाड असते. हिवाळा सरत आला की त्याच्या खोडाला भोक पाडतात आणि त्यातून पाण्यासारखा पातळ, किंचित गोड रस गळू लागतो. तो टाकीत साठवायचा, टाकीतून पाइपाने भट्टीघरात न्यायचा आणि तिथे आटवून त्याचा पाक करायचा, एवढाच तो व्यवसाय. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. साठवलेला रस थंड राहिला नाही तर आंबतो, म्हणून तिथले लोक टाकीभोवती फावड्याने बर्फ रचतात. मात्र पाइपात उरलेला रस फार थंड झाला तर गोठतो, फुगतो आणि पाइप फोडतो. थंड हवे पण इतके थंड नको, ही अट माझ्या परिचयाची होती. स्थळे मुलीच्या स्वभावाविषयी साधारण हेच बोलतात.

आमची कंपनी अशा टाक्यांना आणि पाइपांना सेन्सर आणि विजेवर चालणारे व्हॉल्व्ह बसवून देते, आणि त्यांच्यावर पाळत ठेवते परळच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातून. यामागचे व्यावसायिक गणित साधे आहे. तिथे कडाक्याची रात्र असते तेव्हा इथे लख्ख दुपार असते. गिऱ्हाईक तिथे रजईत शिरले की आम्ही इथे संगणक उघडतो, आणि ते गाढ झोपेत असताना डबे.

नोकरी लागली तेव्हा मी हे सगळे आईला समजावले होते. आमचे बिऱ्हाड लालबागच्या चाळीत आणि आईचे माहेर मालवणकडचे, त्यामुळे झाडातून रस काढण्याची कल्पना तिला मुळीच नवी नव्हती.

‘‘म्हणजे माडाक मडकी लावतत तसा?’’

‘‘साधारण तसंच.’’

‘‘मगे माडीच ती. एमटेक करून तू माडीच्या धंद्यात गेलंस गो?’’

‘‘आई, ते लोक रस आंबवत नाहीत.’’

‘‘नाय?’’ तिला खरोखरच आश्चर्य वाटले. ‘‘मगे कशाक काढतत?’’

कार्यालयात आम्ही तिघे या प्रकल्पावर होतो. पहिले आमचे संस्थापक, दादरचे. कंपनीत सगळ्यांनी सगळ्यांना अरेतुरे करावे असे धोरण होते. मी तरीही त्यांना ‘सर’ म्हणत असे, आणि ते प्रत्येक वेळी ‘नको गं’ म्हणत ती पदवी स्वीकारत असत. दुसरा माझा सहकारी, गिरगावचा, माझ्याच वयाचा, संगणकाच्या कामात हुशार आणि सरांच्या विनोदांना हसण्यात त्याहून हुशार. तिसरी मी. गोठणे या विषयातला आमचा एकत्रित अनुभव म्हणजे फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ आणि कार्यालयातला एसी, जो इतका जोरात चालवला जाई की बाहेरून घाम पुसत आलेला माणूस आत हुडी चढवी. एवढ्या भांडवलावर आम्ही दुसऱ्या खंडातल्या हिवाळ्याची जबाबदारी घेतली होती.

गिऱ्हाईक होते एक वृद्ध जोडपे. पत्रव्यवहारात आम्ही त्यांना आदराने मिस्टर आणि मिसेस म्हणत असू आणि आपापसांत काका-काकू. काकांच्या जंगलातल्या टाकीतून चढावरच्या भट्टीघरात जाणारा लांबलचक पाइप हा आमचा प्रायोगिक प्रकल्प होता. हंगाम संपेपर्यंत तो फुटला नाही, तर आमच्या दोघांपैकी एकाला टीम लीड करण्यात येईल, असे सरांनी मला आणि माझ्या सहकाऱ्याला वेगवेगळे बोलावून एकाच शब्दांत सांगितले होते. दोघांनाही ‘तुझ्याचकडे पाहतोय’ म्हटले होते. मला ते पद हवे होते. का हवे होते, याचे स्पष्टीकरण पुरुषांकडे कोणी मागत नाही, म्हणून मीही देत नाही.

आता आमच्या चुकीकडे येते. ती समजण्यासाठी पाण्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे.

मुंबईत पाणी ही वस्तू नसून घटना आहे. ते येते आणि जाते. आमच्या चाळीत ते पहाटे येते, आणि ‘‘पाणी इला!’’ ही आईची आरोळी हाच माझ्या आयुष्यातला पहिला गजर. पिंप, कळशी, हंडा, बादली, तांबे, औषधांच्या मोठ्या बाटल्या, जे जे पोकळ आहे ते ते भरून ठेवायचे. गिरगावातल्या माझ्या सहकाऱ्याच्या घरी माळ्यावर टाकी होती आणि ती भरली की नाही हे बघायला त्याच्या वडिलांनी एक दोरी आणि एक डबडे यांची यंत्रणा बसवली होती. दादरला सरांच्या सोसायटीत तळटाकी आणि पंप होता, आणि पंप लावणारा गावी गेला की उच्चशिक्षित सभासद एकमेकांशी बोलणे बंद करत. वर्ग वेगळे, वस्त्या वेगळ्या. पण भरलेले म्हणजे सुरक्षित आणि रिकामे म्हणजे संकट, या एका तत्त्वावर आम्हा तिघांचे पूर्ण एकमत होते. इतके पूर्ण की ते मत आहे, हेही आमच्या ध्यानात आले नव्हते.

त्यामुळे आमच्या पडद्यावर भरलेली पाइपलाइन हिरवी आणि रिकामी लाइन लाल दाखवायची, हे ठरवायला बैठकही लागली नाही.

हंगाम सुरू झाला आणि काकांची लाइन रोज सकाळी लाल दिसू लागली. सरांना लाल रंग सहन होत नसे.

‘‘रोज आलो की ही एकच लाइन रेड. व्हाय?’’

‘‘काका झोपताना खालचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, सर,’’ सहकारी म्हणाला. ‘‘लाइनमधलं सगळं परत खाली टाकीत उतरतं.’’

‘‘उघडा ठेवतात? रात्रभर?’’ सरांनी हे अशा स्वरात विचारले की जणू कोणी बाथरूमचा नळ वाहता ठेवून गावी गेले आहे.

‘‘वय झालंय. विसरत असतील.’’

मीही गप्प बसले नाही. पाइप रिकामा राहिला तर त्यात हवा अडकते, सकाळी पंप लावल्यावर रस पोहोचायला वेळ लागतो, असे एक शास्त्रीय कारण मी तत्परतेने पुरवले. ते खरेही होते. आपल्याकडे पूर्वग्रहाला शास्त्रीय कारण मिळायला कधीच फार वेळ लागत नाही.

मग सहकाऱ्याने एक नियम लिहिला: लाइन रिकामी आणि व्हॉल्व्ह उघडा असे बराच वेळ आढळल्यास यंत्रणेने आपण होऊन व्हॉल्व्ह बंद करावा आणि पंप चालवून लाइन पुन्हा भरून ठेवावी. सरांनी त्याला ‘स्मार्ट फिल’ असे नाव दिले आणि स्वतःच टाळी वाजवली. दुसऱ्या दिवसापासून पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार. एखाद्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षाने गच्चीवरची टाकी भरलेली पाहून तृप्त व्हावे, तसे सर त्याच्याकडे पाहत उभे राहत.

हवामानाने आम्हाला साथ दिली. त्या रात्री तिथल्या मानाने सौम्य होत्या. गारठा पाइपाच्या वेष्टनापर्यंत येई आणि परत जाई. अशात एका सकाळी काकांचा निरोप आला. ते लिहीत होते की त्रासाबद्दल क्षमस्व, पण हल्ली रात्री व्हॉल्व्ह उघडायला आपण विसरू लागलो आहोत असे दिसते. उघडल्याचे पक्के आठवते, आणि सकाळी पाहावे तर बंद. बायको म्हणते की डॉक्टरांना दाखवू या.

सहकाऱ्याने तो निरोप मोठ्याने वाचला आणि मान हलवली.

‘‘उघडायला विसरतो, म्हणतायत बघ. बंद करायला म्हणायचं असणार. गोंधळ व्हायला लागलाय बिचाऱ्यांचा.’’

‘‘गोड आहेत पण,’’ सर म्हणाले. ‘‘छान रिप्लाय दे. वॉर्म.’’

सहकाऱ्याने उबदार उत्तर दिले: काळजी करू नका, आमची यंत्रणा तुमच्या वतीने सगळे लक्षात ठेवते आहे. माणसाने स्वतः केलेल्या गोष्टीवरचा त्याचा विश्वास उडवायचा आणि वर त्याचे सांत्वन करायचे, ही सेवा आमच्या माहितीपत्रकात नव्हती; ती आम्ही मोफत दिली.

ज्या दुपारी हे सगळे उलगडले, त्या दुपारी वरळीहून एक गुंतवणूकदार बाई आल्या होत्या. बारीक चौकटीचा चष्मा, कमी बोलणे. सरांनी त्यांना आधी खिडकीतून गिरणीची चिमणी दाखवली. ती ते सगळ्यांनाच दाखवतात, जणू स्वतः बांधून घेतली आहे. मग मोठ्या पडद्यासमोर बसवले. तिथे काकांच्या जंगलात पहाटेपूर्वीचा काळोख होता आणि हंगामातली पहिली खरी थंडी उतरली होती. बाहेरच्या हवेची रेषा आलेखावर कड्यावरून ढकलल्यासारखी खाली चालली होती. पाइपातल्या रसाची रेषा काही काळ तिच्या मागे उतरली, आणि शून्याच्या किंचित खाली येऊन थांबली. सरळ, आडवी.

‘‘हे बघा,’’ सरांनी लेझरचा ठिपका त्या रेषेवर फिरवला. ‘‘बाहेर टेम्परेचर क्रॅश होतंय, आणि आपली लाइन? रॉक स्टेबल. हीच आमची व्हॅल्यू.’’

मी कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. ती आडवी रेषा मी ओळखत होते. अकरावीत परीक्षानळीत द्रव गोठवताना, दर थोड्या वेळाने तापमान लिहून, मी ती स्वतः कागदावर काढली होती. द्रव थंड होत जातो, गोठणबिंदूला येतो, आणि मग त्याचे तापमान उतरायचे थांबते, कारण गोठताना तो आपल्यातली उष्णता बाहेर टाकत असतो. सगळा गोठून होईपर्यंत रेषा आडवी राहते आणि मग पुन्हा कोसळते. सर ज्या स्थैर्याकडे लेझर रोखून उभे होते, ते स्थैर्य म्हणजे पाइपाच्या आत बर्फ तयार होत असल्याची खूण होती.

आणि त्या एका क्षणात काकांचे वाक्यही सरळ झाले. उघडायला विसरतो. त्यांना उघडायलाच म्हणायचे होते. शहाणा माणूस झोपण्यापूर्वी पाइप रिकामा करत होता, कारण रिकाम्या पाइपात गोठायला काही नसते; आणि आम्ही रोज तो झोपला की त्याच्या मागे जाऊन पाइप काठोकाठ भरून ठेवत होतो.

मी ‘स्मार्ट फिल’ बंद केले. यंत्रणेने खात्री आहे का, असे विचारले. मी आहे म्हटले. मग व्हॉल्व्ह उघडला.

सहकारी माझ्या शेजारी होता. माझ्या पडद्याकडे त्याची नजर गेली आणि तो कळवळला.

‘‘अगं ए, काय करतेयस? वाया जातोय सगळा रस!’’

‘‘टाकीतच जातोय परत.’’

‘‘बंद कर आधी! सर बोलतायत!’’

‘‘बोलू देत.’’

मोठ्या पडद्यावरची काकांची लाइन लाल होऊ लागली. त्या हिरव्या भिंतीवर ती एखाद्या पुरळासारखी उठून दिसत होती. सरांनी लेझरचा ठिपका घाईने शेजारच्या हिरव्या लाइनवर सरकवला.

‘‘हे काय झालं?’’ बाईंनी विचारले.

‘‘मायनर आहे. ग्लिच. आत्ता जाईल.’’

‘‘जाणार नाही,’’ मी म्हटले. ‘‘पाइप रिकामा करतेय. आतला रस गोठायला लागलाय. भरलेला राहिला तर उजाडेपर्यंत फुटेल.’’

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि मग सरांकडे.

‘‘मग इतका वेळ हिरवं कशाबद्दल होतं?’’

माझ्या सहकाऱ्याने हुडीची टोपी डोक्यावर ओढून घेतली. आणि मग सरांनी ते करून दाखवले ज्यासाठी, मला वाटते, माणसे संस्थापक होतात. त्यांनी हसून दोन्ही हात पसरले.

‘‘एक्झॅक्टली! हाच प्रश्न तुम्ही विचारावा असं मला वाटत होतं. मशीन म्हणतंय सगळं ठीक, आणि आमची इंजिनियर म्हणतेय नाही. ह्यूमन इन द लूप. हाच आजचा डेमो.’’

बाईंनी काही लिहून घेतले. काय, ते दिसले नाही.

मी मात्र पातळीच्या आकड्यावर डोळे लावून बसले होते. तो उतरत होता, पण नळाला फडके बांधल्यासारखा सावकाश. आत बर्फाचा खडा चांगलाच झाला होता. मधेच आकडा एका जागी थांबला. पाइप आत पुरता बुजला असता, तर काकांचा हंगाम तिथेच संपला असता, कारण जंगलातला एवढा पाइप काही आठवड्यांत बदलून होत नाही. माझे पदही त्याच पाइपात होते, हेही मी त्या वेळी विसरले नव्हते. माझ्याविषयी उगाच चांगला ग्रह नको. सरांनी बाईंना कॉफीसाठी बाहेर नेले. सहकारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, नखे चावत. नंतर आकडा हलला, आणि एकदम पडला. लाइन पूर्ण रिकामी, पूर्ण लाल. इतका सुंदर लाल रंग मी त्या पडद्यावर पाहिला नव्हता.

‘‘काय बाई आहेस तू,’’ सहकारी म्हणाला. त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे त्यालाही ठाऊक नसावे.

संध्याकाळी, म्हणजे तिथे उजाडल्यावर, काकांचा निरोप आला. त्यात उद्गारचिन्हेच फार होती. आज सकाळी व्हॉल्व्ह उघडा सापडला! एवढ्या थंडीत नेमकी आठवण राहिली! बायकोलाही नेऊन दाखवला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे ती आता रद्द करावी की कसे, यावर विचार चालू आहे.

‘‘बघ,’’ सर म्हणाले, ‘‘हॅपी कस्टमर. आता काही लिहू नकोस.’’

‘‘सर, ते कधीच विसरत नव्हते. रोज रात्री बंद आपण करत होतो.’’

‘‘ते मला कळलं. पण लेखी नको ना. लीगल आहे, रिन्युअल आहे.’’

‘‘आणि डॉक्टर?’’

‘‘त्या वयात एखादा चेकअप चांगलाच असतो गं.’’

गुंतवणूकदार बाईंनी त्याच आठवड्यात होकार कळवला आणि ‘ती कोपऱ्यातली मुलगी’ या प्रकल्पावर कायम राहावी, असे सुचवले. सरांनी मला बोलावून टीम लीड केले. अट एवढीच होती की त्या दुपारचा प्रकार पूर्वनियोजित होता, या इतिहासाला मी विरोध करू नये. मी केला नाही. श्रेय त्यांनी घेतले आणि पद मी. आमच्यातला हा एकमेव प्रामाणिक व्यवहार होय. पडद्यावरचे रंगही बदलले. रिकामी लाइन आता हिरवी दिसते आणि सादरीकरणात तिला ‘इंटेलिजंट ड्रेन’ म्हणतात.

टीम लीडकडे गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार असतो. सरांनी पद माझ्याकडे सोपवताना एवढे लक्षात घेतले नव्हते. पहिल्याच दिवशी मी काकांना लिहिले की तुमची स्मरणशक्ती उत्तम आहे. व्हॉल्व्ह तुम्ही रोज उघडत होता आणि आमची यंत्रणा तो रोज बंद करत होती. आम्ही ज्या शहरात राहतो तिथे पाइप रिकामा दिसला की लोक घाबरतात. उत्तर तत्काळ आले. त्यात रागाचा एक शब्द नव्हता. एकच विनंती होती: हे कृपया माझ्या बायकोला तोंडी सांगा, माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसणार नाही.

मी व्हिडिओ कॉल लावला. काकू लोकरी टोपी घालून, हाताची घडी घालून बसल्या होत्या. मागे काका, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. मी सगळे पुन्हा सांगितले. काकूंनी पूर्ण ऐकून घेतले, एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, व्हॉल्व्हचे समजले. पण हा चष्मा फ्रीजमध्ये ठेवतो, त्याला तुमची कोणती यंत्रणा जबाबदार आहे? काका इतक्या मोठ्याने हसले की त्यांची प्रतिमा पडद्यावर अडकली. डॉक्टरांची वेळ मात्र रद्द झाल्याचे त्यांनी मला नंतर कळवले.

सरांना या कॉलचा पत्ता लागला तेव्हा करार वाढवून झाला होता. त्यांनी मला बोलावले, एकदा चिमणीकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ट्रान्स्परन्सी. गुड. आपण हे व्हॅल्यूजमध्ये टाकू या.’’

हंगाम संपल्यावर काकांनी पाकाची एक बाटली पाठवली, काचेची, उंच, रुबाबदार. मी ती घरी नेली. आईने चमचाभर चाखला, डोळे मिटून विचार केला आणि निकाल दिला.

‘‘काकवी ही.’’

‘‘आई, ही झाडाची आहे.’’

‘‘आसांदे. काकवीच.’’ मग तिने बाटली उजेडाकडे धरून फिरवून पाहिली. ‘‘बाटली बरी आसा पण.’’

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी आले. मी उठून मोरीपाशी गेले तेव्हा पाक एका स्टीलच्या डब्यात ओतलेला होता, आणि धुतलेली बाटली आई नळाखाली धरून उभी होती, अगदी तोंडापर्यंत भरेतो.